उपाशीपोटी मस्कत

आमच्या घरात मुलगी किती लांब द्यायची हे पोटावरून ठरायचं. सकाळी घरून न्याहारी करून निघावं, मुलीच्या सासरी जावं, तिचं तोंड बघावं, चार शब्द बोलावेत आणि तिच्या घरचं घोटभर पाणीही न घेता दिवस मावळायच्या आत आपल्या चुलीपाशी परत यावं. एवढं जिथवर जमतं तिथवरच मुलगी द्यायची. त्यापलीकडचं स्थळ सोन्याचं असलं तरी नको.

याला कारण आमचा नियम. मुलीला मूलबाळ होईपर्यंत माहेरच्या माणसांनी तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. पूर्वी पुष्कळ घरांत असं होतं, आता कुणी पाळत नाही. मी पाळत आलो. कुणी हसलं तर हसू दिलं.

माझी मोठी बहीण सायखेड्याला दिली. मखमलाबादहून सायकल मारत मी जायचो आणि तिच्या ओट्यावर बसून तसाच परत यायचो. गोदावरी त्यांच्या दारात, पण माझ्या घशाला कोरड. माझी मुलगी विंचूरला दिली. तिथे एसटीने जायचं, येताना कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत बस अडकायची, म्हणून खिशात गूळ-फुटाणे ठेवायचे. तिला वर्षभरात मुलगा झाला, मग मी तिच्याकडे पहिल्यांदा जेवलो आणि ते जेवण अजून आठवतं. धाकट्या बहिणीला इगतपुरीचं स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत, निर्व्यसनी. माझ्या वडिलांनी पाहुण्यांना एकच विचारलं, "पावसाळ्यात गाडी घाटात अडकली तर?" पाहुणे म्हणाले, "तर काय, राहायचं आमच्याकडे. तुमचंच घर हाय." वडील टोपी घालून उठले. स्थळ तिथंच मोडलं.

अशा घरातला मी, आणि माझी नात दिली मस्कतला.

मी दिली असं म्हणत नाही. तिनं ठरवलं, तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, होकार दिला. मुलगा चांगला होता, नाशकातलाच, नोकरी तेवढी तिकडे. मी लग्नात पुढे होऊन सगळं केलं. फक्त एवढंच म्हणालो होतो की मस्कतला सायकल जात नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली. मूल झालं नाही. दवाखाने झाले, तिकडचे झाले, इकडचे झाले. घरात हा विषय कुणी माझ्यासमोर काढत नसे. बायका आपापसात बोलत आणि मी आलो की भाजी निवडायला लागत. शेवटी मागच्या दिवाळीत नातीनं तिच्या आजीला फोनवर सांगून टाकलं की डॉक्टरांनी आता थांबा म्हटलंय, आम्ही दोघांनी ते मानलंय, रडारड करायची नाही. आजीनं तरी केली. मी गोठ्याकडे जाऊन उभा राहिलो. गोठ्यात आता जनावर नाही, पण उभं राहायला जागा आहे.

यंदा अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. आमच्याकडे या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचं जेवण घालायचं, आणि तेहतीस अनारसे, वर दिवा, असं वाण द्यायचं. दर तीन वर्षांनी येतो हा महिना. मागच्या वेळी जावयाला रजा मिळाली नव्हती. या वेळीही फोन आला की रजा नाही.

मी म्हणालो, "मग वाण घेऊन मी जातो."

मुलगा हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याचं हसणं थांबलं.

"आबा, वाण कुरिअरनं पण जातं."

"जावई काय कुरिअरनं आणला होता का?"

त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. मुलगा मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. मुंबई ते मस्कत, त्यानं दाखवलं, पंधरा-सोळाशे किलोमीटर, विमानाला पावणेतीन तास. मी म्हणालो, नाशिकहून विमानतळावर जायला कसाऱ्याच्या घाटातून याहून जास्त लागतात. तो म्हणाला, लागतात. मग मी मनातल्या मनात हिशोब धरला. सकाळच्या विमानानं जायचं, वाण द्यायचं, संध्याकाळच्या विमानानं परत. विमानात विकतचं खाल्लं तर ते काही नातीच्या घरचं नाही. घरून निघताना खायचं, परतताना विमानात खायचं, मधला दिवस उपाशी. सोबत एक भाकरीची शिदोरी. सायखेड्यासारखंच झालं की.

"जाऊन-येऊन एका दिवसाचं काढ," मी म्हणालो.

"एका दिवसात? आबा, माणसं परदेशात आठ-आठ दिवस राहतात. तुम्ही काय औषधाची बाटली पोचवायला चाललाय का?"

"काढ म्हटलं ना."

त्यानं काढलं. व्हिसा का काय तोही मोबाईलवरच निघाला. तिकिटाचा कागद मी हातात घेतला. चौथीपर्यंतच शिकलो, पण आकडे मला वाचता येतात. जाताना मुंबईहून सकाळी नऊच्या पुढे सुटतं आणि मस्कतला साडेदहाच्या आत पोचतं. म्हणजे सव्वा तास. येताना संध्याकाळी तिकडून सुटतं ते चार तासांनी मुंबईला.

"हे बघ," मी मुलाला म्हणालो, "तुझा मोबाईल पावणेतीन तास म्हणतो. कागद म्हणतो जाताना सव्वा तास, येताना चार."

"आबा, तिकडचं घड्याळ दीड तास मागे आहे."

"घड्याळ मागे असेल तर चावी द्या म्हणावं."

"तसं नाही. तिथं सूर्य उशिरा उगवतो."

"जाताना उतार असेल," मी म्हणालो. "येताना चढ. कसाऱ्याला बघ, खाली जायला काही लागत नाही, वर येताना ट्रक कण्हतात."

"विमानाला कसला चढ, आबा?"

मला त्याचं पटलं नाही. आज मी मान्य करतो की त्याचं खरं होतं, पण त्या दिवशी मला पटलं नव्हतं आणि न पटलेल्या गोष्टीला मी मान हलवत नाही. एकच सूर्य, तो इथे एक वाजवतो आणि तिथे दुसरं, हे मला कागदावर कळेना. मी म्हणालो, माझं घड्याळ मखमलाबादचं आहे, ते मी फिरवणार नाही.

बेत नातीला कळला. तिनं मलाच फोन केला.

"आबा, या. पण जेवायला या."

"वाण द्यायला येतोय."

"वाण द्या आणि जेवा. उपाशी बसायला येणार असाल तर येऊ नका."

"तुला नियम ठाऊक आहे, पोरी."

"ठाऊक आहे." ती रागात नव्हती, आवाज अगदी सरळ होता. "म्हणूनच म्हणते. मूल होईपर्यंत नाही, असा नियम आहे ना? मला मूल होणार नाही आबा. मग तुम्ही माझ्या घरचं पाणी कधीच पिणार नाही. असं असेल तर मला आत्ताच सांगा, म्हणजे मी दरवेळी वाट बघणार नाही."

मी म्हणालो, "वाण घेऊन येतोय." आणि फोन ठेवला. आमच्या घरात हट्ट कुणाकडून कुणाकडे गेला ते सांगायला नको.

निघायच्या आदल्या दिवशी म्हातारी भाकरी थापत होती. म्हातारी म्हणजे माझी बायको, नातीची आजी. बाजरीच्या दोन भाकरी आणि लसणाची कोरडी चटणी. ओलं काही विमानात नेऊ देत नाहीत असं मुलानं सांगितलं होतं. अनारसे तिनं आधीच तळून डब्यात मोजून ठेवले होते. तव्यावरची भाकरी उलटताना ती म्हणाली,

"माझा बाप आठवतो का तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? नियमाचा माणूस. माणूस असावा तर असा."

माझा सासरा गिरणाऱ्याकडचा. आम्हाला पहिलं मूल उशिरा झालं. तोवर तो दर सणाला यायचा, ओसरीच्या कडेला बसायचा, आणि हाताची ओंजळसुद्धा पुढे करायचा नाही. मुलगा व्हायच्या आधीच वारला बिचारा. मी चारचौघांत त्याचं उदाहरण देत आलोय.

म्हातारी म्हणाली, "तुम्हाला तो नियमाचा माणूस आठवतो. मला उपाशी गेलेला आठवतो. दरवेळी मी चूल पेटवायची आणि दरवेळी तो उठून जायचा."

मी म्हणालो, "भाकरी करपतेय."

करपत नव्हती.

मुलानं मला ठाण्याला साडूकडे मुक्कामाला सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर. तिथे आत पिशव्या एका पट्ट्यावरून यंत्रातून जातात. माझा डबा अडवला. वर्दीतल्या बाईनं उघडायला लावला. आत अनारसे, वर कापसाची वात आणि पितळी निरांजन.

"हे काय, बाबा?"

"अनारसे. जावयाचं वाण."

ती बघतच राहिली. मराठीच होती. "जावई कुठाय?"

"मस्कतला."

"आणि तुम्ही द्यायला चाललात?" तिनं मागच्या शिपायाला हाक मारली, "बघ रे, नाहीतर तुझे सासरे." मग मला म्हणाली, "मोजलेत ना? कमी निघाले तर आमच्यावर येईल."

"मोजलेत. पण तुला एक देता आला नाही म्हणून वाईट वाटतं."

"जावा बाबा, जावा," ती म्हणाली आणि झाकण स्वतःच्या हातानं घट्ट लावलं.

विमानात मला खिडकी मिळाली. शेजारी मालेगावचा एक माणूस होता, दाढी पांढरी, मस्कतला शिवणकाम करतो. सुट्टी संपवून परत निघाला होता. विमान वर गेलं, मुंबईची घरं काड्यापेट्यांसारखी झाली आणि मग नुसता समुद्र. एवढा समुद्र की बघायचा कंटाळा येतो. सव्वा तास झाला, दीड झाला, खाली अजून पाणीच. मी घड्याळाकडे बघतोय हे त्याला दिसलं.

"चाचा, घडी दीड तास मागं घ्या. आता उतरल्यावर तिकडचा टाईम."

"मी नाही फिरवत."

"क्यूं?"

"माझं पोट इकडच्या टायमावर आहे."

तो मोठ्यानं हसला. मग म्हणाला, "पोटाचं मला विचारा. एकदा रोज्यात संध्याकाळच्या विमानानं चाललो होतो. मुंबईच्या टायमानं रोजा सोडायची वेळ झाली. हातात खजूर घेतला, आणि खिडकीतून बघतो तर सूरज तसाच. विमान त्याच्या मागं मागं पळतंय, तो बुडायलाच तयार नाही."

"मग खाल्लं का?"

"सूरज समोर दिसतोय, कसं खाणार? थांबलो. हवाईसुंदरीला वाटलं म्हाताऱ्याला खजूर आवडला नाही."

मला तो माणूस आवडला. नियम म्हणजे नियम. पण त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की विमान सूर्याच्या मागे पळतं, सूर्य बुडायला वेळ लागतो, म्हणजे मुलगा म्हणत होता ते हेच. कागदावर जे कळलं नाही ते खजुरावर कळलं. चढ-उतार काही नसावा. तरी मी घड्याळ फिरवलं नाही. कळणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

मस्कतला नात आणि जावई दोघंही घ्यायला आले होते. तिनं वाकून नमस्कार केला, मी डोक्यावर हात ठेवला. तब्येतीनं बरी वाटली. बाहेर पडलो तर ऊन असं की नाशिकचा वैशाख त्यापुढे सावली. रस्ते स्वच्छ, घरं चुन्यानं सारवल्यासारखी पांढरी, आणि चोहीकडे उघडे डोंगर. आमच्या चांदवडच्या डोंगरांना कुणी भट्टीत भाजून काढावं तसे. हिरवं पान नाही. मी जन्मभर विहिरी बांधल्या. कुठंही गेलो तर पहिला विचार पाण्याचा येतो. इथे किती हात खाली पाणी लागत असेल, असा विचार करत मी गाडीत बसून होतो.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लहान पण नीटनेटकं. नातीनं पाट मांडला होता, भोवती रांगोळी. जावयाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, निरांजन पेटवलं आणि डबा त्याच्या हातात दिला. तो गरीब स्वभावाचा माणूस आहे. पाटावर मांडी घालताना त्याचे गुडघे कडकडले आणि तो म्हणाला, "आबा, अजून एक अधिक गेला की मला खुर्चीवर वाण द्यावं लागणार." एक अनारसा तिथेच मोडून त्यानं तोंडात टाकला. माझं काम झालं होतं.

स्वयंपाकघरातून वास येत होता. हुलग्याच्या शेंगोळ्यांचा. तिखट, लसूण, वर हुलग्याचा तो मातकट वास. हुलग्याचं पीठ मळून बोटासारखे वळे करायचे आणि मसाल्याच्या पाण्यात शिजवायचे, एवढंच असतं ते, पण मला त्यापुढे पंचपक्वान्न नको. मुद्दाम केले होते तिनं. टेबलावर तीन ताटं मांडलेली मी बघितली.

मी खिडकीपाशी भिंतीला टेकून खाली बसलो आणि शिदोरीची गाठ सोडायला घेतली.

नात आली, माझ्यासमोर खाली बसली. मला वाटलं आता भांडेल. तिनं शिदोरी माझ्या हातातून काढून घेतली, गाठ सोडली, भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला.

"आजीच्या हातची," ती म्हणाली. मग नवऱ्याला हाक मारली, "अहो, या. बाजरीची भाकरी आहे."

तोही आला. दोघं माझ्यासमोर बसून जेवायला लागले. दोन भाकऱ्या त्या, किती वेळ पुरणार? ती खात होती ती मात्र चिडवायला नव्हे. मी तिच्याकडे बघत होतो. एकेक घास ती चावून, सावकाश खात होती, आणि चटणीचा लाल भुगा बोटांवरून चाटून घेत होती. लहानपणी आमच्या ओट्यावर बसून खायची तशीच. शेवटचा तुकडा राहिला तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला ठेवू का?"

"खा तू."

तिनं खाल्ला. फडकं झटकून घडी करून माझ्या पिशवीत ठेवलं. मग उठली, ताटं उचलली, शेंगोळ्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मला जेवा म्हणाली नाही. फोनवर एकदा म्हणाली होती, दुसऱ्यांदा म्हणणारी ती नव्हे. मी तिच्या जागी असतो तर मीही म्हणालो नसतो.

दुपार अशीच गेली. जावई टीव्ही लावून माझ्याशी काहीबाही बोलत होता, तिथल्या पगाराचं, उन्हाचं, मासळीबाजाराचं. मला ऐकू येत होतं पण पोटात कावळे ओरडत होते आणि त्याहून वाईट म्हणजे तहान. विमानतळावर घेतलेली बाटली कधीच संपली होती. त्या मुलखात तहान घशात लागत नाही, डोळ्यांत लागते. नात आतल्या खोलीत इस्त्री करत होती. इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज येई आणि मला तो पाण्याचा वाटे.

माझ्या घड्याळात निघायची वेळ झाली तसा मी उठलो. पिशवी उचलली, टोपी घातली.

"चला जावईबापू, सोडा मला."

जावयानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आबा, अजून दीड तास आहे निघायला."

"माझ्या घड्याळात वेळ झाली."

"तुमच्या घड्याळात झाली असेल. विमान इकडच्या घड्याळानं सुटतं. आत्ता गेलो तर बाहेर बाकावर बसावं लागेल."

मी उभाच होतो. इस्त्रीचा आवाज थांबला होता. मी ज्या दीड तासावर मुलाशी भांडलो, जो मी फिरवला नाही, तो आता माझ्यापुढे येऊन बसला होता. माझ्या हिशोबात तो धरलेलाच नव्हता. त्यात करायचं काही नव्हतं. दिलेलं देऊन झालं होतं, बोललेलं बोलून झालं होतं, शिदोरी संपली होती. मी परत खाली बसलो. टोपी काढली.

बसल्या बसल्या माझ्या मनात आलं ते सांगतो.

आम्ही विहिरी बांधणारे. काम चालू असताना मालकाच्या घरचं जेवण घ्यायचं नाही, आपली भाकरी आपण आणायची, अशी आमच्या टोळीची रीत होती. पाणी लागलं की नारळ फोडायचा आणि त्या दिवशी मालक जेवू घालणार. पण कधीकधी विहीर कोरडी जायची. खडक फोडून फोडून खाली गेलो तरी ओलसुद्धा नाही. अशा वेळी मुकादम एक गोष्ट कटाक्षानं पाळायचा. हत्यारं गोळा करून झाली की मालकाच्या घरी जायचा आणि स्वतः म्हणायचा, "वहिनी, जेवायला वाढा." त्या घरात जेवल्याशिवाय टोळी गाव सोडत नसे. मी नवा होतो तेव्हा विचारलं होतं, पाणी तर लागलं नाही, मग आपण जेवायचं कशाचं? तो म्हणाला होता, "पाणी लागलेल्या घरी कुणीही जेवतं. हिथं न जेवता गेलो तर तो माणूस जन्मभर म्हणंल, माझ्या घरात काय खोट होती?"

हे मी नातीला बोललो नाही. बाईमाणसाला विहिरीची गोष्ट लावून दाखवायची नसते, एवढं मला कळतं. आणि तिच्या घरात काही कोरडं नव्हतंच. दोघं हसत होते, भांडत होते, एका फडक्यातली भाकरी वाटून खात होते. पण घरचा नियम आणि टोळीची रीत अशा दोन गोष्टी माझ्याकडे होत्या आणि मी आयुष्यभर एकीलाच वर ठेवलं होतं. दुसरीही माझीच होती. ती मी कुणाकडून उसनी आणली नव्हती.

मी हाक मारली. "पोरी, पाणी दे."

ती दारात आली. हात कमरेवर.

"कुणाच्या घरचं?"

"तुझ्या."

"आणि नियम?"

"नियम माझा आहे. त्याचं काय करायचं ते मी बघतो. तू पाणी आण."

ती आत गेली. जावई उठून टीव्ही बंद करायला गेला आणि उगाच बराच वेळ बटणं शोधत राहिला. तिनं तांब्या-भांडं आणलं. स्टीलचं नवं होतं, बहुतेक लग्नातलं. मी तांब्यातलं सगळं पाणी प्यालो. ती समोर उभी राहून बघत होती, पाणी कसं पितात ते जणू पहिल्यांदाच बघतेय अशी.

"आता वाढ," मी म्हणालो. "भूक लागलीय."

"गरम करते."

"नको. आहे तसं वाढ."

तिनं ऐकलं नाही, गरम केलंच. टेबलावर नाही, खालीच, खिडकीपाशी तिनं ताट वाढलं. शेंगोळे, वर कच्च्या तेलाची धार, बाजूला कांदा. पहिला घास घेतला.

"कसे झालेत?"

"मीठ कमी आहे."

"जेवायला आलेल्या पाहुण्यानं नावं ठेवायची नसतात, आबा."

"मी पाहुणा नाही."

ती मीठ आणायला म्हणून आत गेली ती लवकर आली नाही. मी जेवत राहिलो. जावई हळूच म्हणाला, "आबा, सकाळपासून ती तीनदा रडलीय, हे चौथं. पण हे चांगलं आहे." मी म्हणालो, "तुम्ही पण बसा, एकट्याला घास उतरत नाही." तो बसला. मग ती मिठाची वाटी घेऊन आली, डोळे धुऊन, आणि तिघं जेवलो. दुसऱ्यांदा वाढून घेतले मी. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही, सरळ वाढले.

परतीच्या विमानात ताट घेऊन बाई आली तेव्हा मी नको म्हटलं. ती इंग्रजीत काही विचारत होती. मी पोटावर हात फिरवून दाखवला. खाली समुद्र दिसेनासा झाला होता. मी डोळे मिटले आणि मुंबई येईपर्यंत झोपलो, त्यामुळे येताना किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

घरी पोचलो तर म्हातारीला आधीच सगळं कळलेलं. नातीचा फोन माझ्या आधी मखमलाबादला उतरला होता. मुलगा चहा ठेवायला उठला, हे त्यानं शहाणपणाचं केलं. धाकटा भाऊ मात्र दोन दिवसांनी आला आणि ओट्यावर बसूनच म्हणाला, "ऐकलं ते खरं का? आपल्या घरात असं झालं नव्हतं."

"आता झालं," मी म्हणालो.

"मग नियम मोडला म्हणायचा का?"

"तुझ्यापुरता हाय अजून. तू पाळ."

तो चिडून गेला. येईल परत, जाणार कुठे?

रात्रीची भाकरी खाताना म्हातारीनं विचारलं, "लय लांब हाय का हो?"

"नाय. पावणेतीन तास नुसतं बसून राहायचं."

"मग मला जमंल की."

मी मुलाला दोन तिकिटं काढायला सांगितली आहेत, पावसाळा संपल्यावरची. त्यानं विचारलं, परतीचं त्याच दिवशीचं का? मी म्हणालो, तुझ्या आईला विचार. काल नातीचा फोन आला तो तिनंच घेतला. हुलग्याच्या पिठात थोडं बेसन घालायचं की नाही यावर दोघींचं बराच वेळ चाललं होतं. मग नात काहीतरी म्हणाली असावी, कारण म्हातारी माझ्याकडे बघून फोनमध्ये म्हणाली, "त्यांचं काय ऐकतीस? त्यांना माझ्या हातचं पण सगळं अळणीच लागतं. तू तुझ्या मनानं घाल."